लगदा विभागातील ऊर्जाबचत : तंतूंमागे किती पाणी फिरते?

कागदाच्या गिरणीत विजेचा आणि वाफेचा सर्वांत मोठा ग्राहक म्हणून सहसा कागदयंत्राकडे आणि त्याच्या गरम सिलिंडरांकडे बोट दाखवले जाते, आणि ते चुकीचेही नाही. परंतु त्याच्या आधी उभा असलेला लगदा विभाग, म्हणजे रद्दी, चिंध्या, बांबू किंवा लाकूड यांतील तंतू सुटे करून ते पाण्यात एकजीव करणारा विभाग, ऊर्जेच्या हिशेबात बहुधा मागे राहतो. त्याचे कारण या विभागातील यंत्रांच्या स्वभावात आहे. ती मजबूत आणि सोशिक असतात; कागदयंत्रावर कागद तुटला तर सगळी पाळी धावते, पण पल्परचा, म्हणजे रद्दी पाण्यात घुसळणाऱ्या यंत्राचा, रोटर झिजला तरी लगदा तयार होतच राहतो, फक्त त्याला थोडा अधिक वेळ लागतो, आणि हा अधिकचा वेळ कोणाच्याही नोंदवहीत उतरत नाही. दररोजच्या प्रत्येक घाण्यामागे दोन-तीन मिनिटे अशी वाढत गेली, की वर्षाअखेरीस जो आकडा होतो तो एखाद्या नव्या मोटारीच्या किमतीहून मोठा असू शकतो.

या विभागात बचत शोधताना एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते, ती म्हणजे येथील बरीचशी ऊर्जा तंतू सोडवण्यासाठी नव्हे, तर त्या तंतूंबरोबर असलेले पाणी ढवळण्यासाठी, उचलण्यासाठी आणि तापवण्यासाठी खर्च होते. लगद्यातील कोरड्या तंतूंचे शेकडा प्रमाण म्हणजे लगद्याची घनता, जिला गिरणीत कन्सिस्टन्सी म्हणतात. ही घनता ४ टक्के असेल तर प्रत्येक किलो तंतूमागे २४ किलो पाणी फिरत असते. ती ५ टक्के झाली तर १९ किलो, आणि १५ टक्के झाली तर जेमतेम पावणेसहा किलो. यंत्र नवे घ्यावे की जुने दुरुस्त करावे, मोटार बदलावी की पंप, या सर्व प्रश्नांच्या आधी विचारायचा प्रश्न हा आहे, की एक टन तंतूंसाठी किती टन पाणी किती वेळा हलवले जाते.

महाराष्ट्रात कागदनिर्मितीची परंपरा जुनी आहे. जुन्नर आणि दौलताबादजवळचा कागजीपुरा ही हातकागदाची नामांकित ठिकाणे होती. पुण्याजवळ मुंढव्याची डेक्कन पेपर मिल्स १८८५ मधली. पुण्यातील हातकागद संस्था १९४० मध्ये सुरू झाली. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून ग्रामोद्योगांच्या प्रयोगांत हातकागदालाही स्थान मिळाले. आणि १९४५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीकाठी बल्लारपूर स्ट्रॉ बोर्ड मिल्स उभी राहिली, जी पुढे बांबू आणि लाकडापासून लगदा व कागद एकाच आवारात करणारी मोठी गिरणी झाली. आज राज्यात तीन जातींचे कारखाने आढळतात : लाकूड किंवा बांबू रसायनात शिजवणारे थोडे मोठे, रद्दीवर चालणारे मध्यम आणि लहान, आणि चिंध्यांवर चालणारे हातकागदाचे. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात वसलेल्या हिवरा आश्रमाच्या परिसराचा या उद्योगाशी संबंध कच्च्या मालाच्या बाजूने येतो. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमाभोवती शिक्षणसंस्थांचे गाव वाढले असल्याने वह्या, उत्तरपत्रिका आणि पुस्तके यांची रद्दी तेथे दरवर्षी निघते, आणि भोवतालच्या शिवारात पऱ्हाटी, सोयाबीनचे कुटार आणि गव्हाचा भुसा. हा माल लगद्यात बदलताना किती ऊर्जा लागते आणि ती कोठे वाया जाते, हे अशा गावातील होतकरू उद्योजकालाही आधीच ठाऊक असलेले बरे. पुढील विवेचनाचा भर रद्दीवर चालणाऱ्या गिरण्यांवर आहे; रासायनिक लगदा आणि हातकागद यांचा विचार शेवटी केला आहे.

मोजमापाचा पाया

पल्परची मोटार किती अश्वशक्तीची आहे, यावरून तिचा खर्च कळत नाही, कारण मोटारीवरील पट्टीचा आकडा ही तिची क्षमता असते, प्रत्यक्ष भार नव्हे. म्हणून पहिला खर्च स्वतंत्र वीजमीटरचा करावा : प्रत्येक पल्परला एक, सुटे तंतू चुरणाऱ्या प्रत्येक रिफायनरला एक, आणि लगदा विभागातील पंपांच्या फीडरला एक. मीटर बसेपर्यंत क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजून अंदाज काढता येतो. ४१५ व्होल्टवर ३०० अँपिअर प्रवाह आणि ०.८५ पॉवर फॅक्टर असेल तर तीन फेजच्या मोटारीचा भार सुमारे १८३ किलोवॅट होतो. परंतु पल्परचा भार घाण्याच्या दरम्यान सतत बदलतो, त्यामुळे एकदा घेतलेल्या वाचनावर फार विसंबू नये.

वीज मोजली तरी भागिले कशाने, हा प्रश्न उरतो, आणि हिशेबाची मोठी चूक येथे होते. युनिट प्रति टन हा आकडा काढताना टन म्हणजे आत टाकलेल्या रद्दीचे वजन धरले, तर पावसाळ्यात यंत्र अचानक कार्यक्षम झाल्यासारखे दिसते, कारण उघड्यावर भिजलेल्या गठ्ठ्यांचे वजन पाण्याने वाढलेले असते. त्यासाठी प्रत्येक ट्रकमधील रद्दीचा ओलावा मोजून कोरड्या वजनाचा हिशेब ठेवावा. ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत नमुना सुकवणे एवढे साधे ते काम आहे. पल्परमधील घनताही याच पद्धतीने मोजता येते : ठराविक वजनाचा लगदा गाळून, दाबून, सुकवून उरलेल्या तंतूंचे मूळ वजनाशी शेकडा प्रमाण काढावे. प्रत्येक पाळीत किमान दोनदा हे करावे आणि आकडा फळ्यावर लिहावा. बऱ्याच गिरण्यांत पल्पर ५ टक्क्यांवर चालतो असे समजले जाते आणि प्रत्यक्ष मोजल्यावर तो साडेतीन-चार टक्क्यांवर सापडतो, कारण कोणीतरी पाण्याची नळी आत सोडून ठेवलेली असते, किंवा पंपांच्या ग्लँडमधले पाणी लगद्यात झिरपत असते.

घनता, वेळ आणि रिकामी फेरी

हायड्रापल्पर हे तळाशी फिरणारा रोटर असलेले मोठे भांडे असते. रोटरच्या फिरण्याने पाण्यात भोवरा उठतो, रद्दी खाली ओढली जाते, आणि रोटर, तळाची छिद्रांची जाळी व तंतूंचे आपसातले घर्षण यांमुळे कागद सुटा होतो. कमी घनतेचा पल्पर साधारण ४ ते ६ टक्क्यांवर चालतो. समजा, २० घनमीटरच्या अशा पल्परचा सरासरी भार २०० किलोवॅट आहे आणि घाणा १५ मिनिटांचा आहे, तर एका घाण्याला ५० युनिट लागतात. घनता ४ टक्के असेल तर त्यातून ८०० किलो कोरडे तंतू मिळतात, म्हणजे टनामागे साडेबासष्ट युनिट. तोच घाणा ५ टक्क्यांवर नेला, तर भार थोडा वाढून २०५ किलोवॅट झाला असे धरले तरी एक टन तंतूंमागे सुमारे ५१ युनिट होतात. आता तपासणीअंती घाण्याची वेळ १२ मिनिटांवर आणता आली, तर हा आकडा ४१ युनिटवर येतो. कोणतेही यंत्र न बदलता एक तृतीयांशाहून अधिक बचत झाली, आणि दिवसाला ४ टक्क्यांचे २४ घाणे होतील इतकेच तंतू, वर्षाला ३३० दिवस काढणाऱ्या गिरणीत ती सुमारे १ लाख ३६ हजार युनिट होते.

घाणा १२ मिनिटांत उरकता येतो की नाही, हे अंदाजाने ठरवायचे नसते. कागदाचे न फुटलेले तुकडे, म्हणजे फ्लेक, सुरुवातीला झपाट्याने कमी होतात आणि नंतर त्यांचे कमी होणे मंदावत जाते. जर दर चार मिनिटांनी फ्लेकचे प्रमाण निम्मे होत असेल, तर पहिल्या चार मिनिटांत शंभरपैकी पन्नास नाहीसे होतात, पण बाराव्या ते सोळाव्या मिनिटात फक्त सहा-सात. वीज मात्र दोन्ही वेळा जवळपास सारखीच जाते. म्हणून प्रत्येक जातीच्या रद्दीसाठी दर दोन मिनिटांनी नमुना घेऊन फ्लेकचा आलेख काढावा. प्रयोगशाळेत ०.१५ मिलिमीटर फटींची सॉमरव्हिल चाळणी असेल तर उत्तम. नसेल तर नमुना पारदर्शक काचेच्या भांड्यात खूप पातळ करून उजेडासमोर धरल्यावरही तुकडे मोजता येतात. जेथे आलेख सपाट होऊ लागतो तेथे घाणा थांबवावा आणि उरलेले तुकडे डिफ्लेकरवर, म्हणजे पुढच्या टप्प्यात दातेरी चकत्यांमधून लगदा झपाट्याने नेऊन तुकडे फोडणाऱ्या यंत्रावर, किंवा चाळणीवर सोपवावेत. मोजके तुकडे फोडण्यासाठी सगळा घाणा घुसळत ठेवणे हा महागडा मार्ग आहे. शिवाय जास्त घुसळल्याने प्लास्टिक आणि चिकट पदार्थांचेही बारीक कण होतात, जे पुढे कोणत्याच चाळणीत अडकत नाहीत.

घाण्याची वेळ रद्दीच्या जातीवरही ठरते, आणि म्हणून निवड हे ऊर्जाबचतीचेच काम मानले पाहिजे. ओले झाल्यावरही फाटू नये म्हणून राळेचा उपचार केलेला कागद, ज्याला वेट-स्ट्रेंग्थ कागद म्हणतात, साध्या पुठ्ठ्याच्या घाण्यात मिसळला गेला तर तो सबंध घाण्याला आपल्या गतीने चालायला लावतो. गठ्ठ्यांच्या तारा आणि पिना आधी काढल्या तर रोटर आणि जाळी यांची झीज कमी होते. रद्दी निवडणाऱ्या कामगारांना, ज्यांत बहुतांशी स्त्रिया असतात, चांगला उजेड, हातमोजे आणि योग्य मजुरी मिळाली तर त्या निवडीचा दर्जा वाढतो, आणि ती सुधारणा पल्परच्या मीटरवर दिसते. हा खर्च कल्याणनिधीत न टाकता उत्पादनखर्चात धरावा, असे येथे आग्रहाने सांगावेसे वाटते.

दोन घाण्यांच्या मध्ये रिकामा किंवा अर्धा रिकामा फिरणारा रोटर हे न दिसणारे मोठे नुकसान असते. पुढची टाकी, म्हणजे चेस्ट, भरलेली असल्याने तयार घाणा पल्परमध्येच अडकतो आणि ऑपरेटर रोटर बंद करत नाही, कारण भरलेल्या पल्परमध्ये तो पुन्हा सुरू करताना मोटार ट्रिप होईल अशी भीती असते. ही भीती निराधार नसते. म्हणून सॉफ्ट स्टार्टर बसवून, आणि आधी पाणी, मग रोटर, मग रद्दी हा क्रम पाळून ती दूर करावी. रिकाम्या फेरीला ८० किलोवॅट लागत असतील आणि प्रत्येक घाण्यामागे पाच मिनिटे जात असतील, तर २४ घाण्यांत रोज १६० युनिट निव्वळ फुकट जातात. लगदा खाली उतरत असताना पातळी ठराविक मर्यादेखाली गेल्यावर रोटर आपोआप बंद होण्याची सोय कमी खर्चात होते.

रोटर आणि तळाची जाळी यांतील फट यंत्रनिर्मात्याने दिलेल्या मापात आहे का, हे प्रत्येक नियोजित बंदच्या वेळी फीलर गेजने तपासून नोंदवावे. वाळू, काच आणि पिना यांनी रोटरच्या कडा गोल होतात, फट वाढते, आणि तो फक्त पाणी फिरवतो. झिजलेल्या कडांवर कठीण धातूचे वेल्डिंग करून मूळ आकार परत आणता येतो, पण ते आकाराच्या साच्यावर तपासून आणि संतुलन साधूनच करावे. पट्ट्यांवर चालणाऱ्या पल्परमध्ये पट्टे ढिले असतील तर ते घसरतात आणि तेथेही विजेची उष्णता होते; जुन्या आणि नव्या पट्ट्यांची सरमिसळ करू नये, संपूर्ण संच एकदम बदलावा. रोटरचा वेग वाढवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण द्रव ढवळणाऱ्या यंत्राची शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे आणि व्यासाच्या पाचव्या घातांकाप्रमाणे वाढते. वेग दहा टक्क्यांनी वाढवला तर भार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो.

नवीन यंत्र घेण्याची वेळ येतेच, तेव्हा जास्त घनतेच्या पल्परचा विचार करावा. त्यात मळसूत्राच्या आकाराचा उंच रोटर १२ ते १८ टक्के घनतेचा दाट लगदा वर-खाली फिरवतो, आणि तंतूंना तंतूच घासतात. शाई काढायच्या पांढऱ्या रद्दीसाठी तो विशेष योग्य, कारण शाई चांगली सुटते आणि प्लास्टिकचे तुकडे मोठेच राहतात. मोठ्या गिरण्यांसाठी ड्रम पल्पर हाही पर्याय आहे, ज्यात आडवे पिंप सावकाश फिरून लगदा उचलते आणि आपटते. त्याची वीज कमी, पण भांडवल आणि जागा मोठी लागते. व्हीएफडीविषयी, म्हणजे मोटारीचा वेग बदलणाऱ्या विद्युत उपकरणाविषयी, विक्रेत्यांकडून जेवढा उत्साह दाखवला जातो तेवढा पल्परच्या बाबतीत ठेवू नये. जो घाणा चुकीच्या घनतेवर, अनावश्यक वेळ, झिजलेल्या रोटरने चालतो, त्याला व्हीएफडी लावणे म्हणजे गळक्या हंड्याला महागडे झाकण घालणे होय. पंपांच्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे, आणि तिचा विचार पुढे येतो.

पाण्याची ऊब

गरम पाण्यात कागद लवकर सुटतो, म्हणून पल्परमध्ये थेट वाफ सोडण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तिची किंमत आकड्यांत पाहावी. २० घनमीटरचा घाणा फक्त १० अंशांनी तापवायला सुमारे ८४ कोटी ज्यूल, म्हणजे २३० युनिटांच्या बरोबरीची उष्णता लागते, आणि त्यासाठी तीनशे ते साडेतीनशे किलो वाफ खर्च होते. त्याच घाण्याला रोटरने घेतलेली वीज ५० युनिट होती. उष्णतेचे युनिट विजेच्या युनिटपेक्षा स्वस्त असते हे खरे, तरी ज्या घटकाचा हिशेबच ठेवला जात नाही तो असा चौपट-पाचपट मोठा निघतो. म्हणून ताजी वाफ हा शेवटचा उपाय समजावा. कागदयंत्राच्या जाळीखाली निथळणारे बॅकवॉटर मुळातच उबदार असते. ते गटारात सोडून पल्परमध्ये थंड बोअरचे पाणी घेणे म्हणजे एकाच वेळी पाणी, उष्णता आणि तंतू घालवणे. व्हॅक्यूम पंपांचे सीलचे पाणी आणि सुकवणी विभागातील फ्लॅश वाफेची उष्णताही येथे आणता येते; स्वच्छ कंडेन्सेट मात्र आधी बॉयलरलाच परत द्यावे. बॅकवॉटर बंद चक्रात फिरवले की त्यात क्षार, स्टार्च आणि जंतू साचतात आणि दुर्गंधी व चिकट थर वाढतात, त्यामुळे गाळणी आणि जंतुनियंत्रण यांची तयारी आधी करून मगच चक्र घट्ट करावे. विदर्भ-मराठवाड्यासारख्या पाण्याची ओढ असलेल्या भागात ही तयारी ऊर्जेच्या आधी पाण्यासाठीच करावी लागेल.

रिफायनर आणि पंप

सुटे झालेले तंतू एकमेकांना घट्ट धरतील अशा रीतीने त्यांना चुरणे आणि फुलवणे हे रिफायनरचे काम. त्याचा परिणाम शॉपर-रीगलर अंशांत मोजतात, ज्याला गिरणीत नुसते एसआर म्हणतात. एसआर जितका जास्त तितके पाणी सावकाश निथळते. रिफायनरच्या चकत्या लगद्यावर काम न करताही नुसत्या फिरण्यासाठी मोठी शक्ती घेतात, जिला रिकामा भार म्हणतात. एकूण भार २४० किलोवॅट, त्यांतील रिकामा भार ८० आणि प्रवाह ताशी ४ टन असेल, तर टनामागे ६० युनिट जातात. प्रवाह निम्मा केला आणि तंतूंवरील काम टनामागे तेवढेच ठेवले, तर रिकामे ८० अधिक कामाचे ८० असे १६० किलोवॅट दोन टनांवर पडून टनामागे ८० युनिट होतात. म्हणून दोन अर्धवट भारलेली रिफायनर चालवण्यापेक्षा, तंतू तुटणार नाहीत अशी चकत्यांची रचना निवडून, एकच पूर्ण भारावर चालवणे बहुधा फायद्याचे ठरते. चकत्या बदलण्याची तारीख त्या पूर्ण झिजण्याची वाट पाहून नव्हे, तर ठरावीक एसआरसाठी लागणारी युनिटे वाढू लागली की ठरवावी.

गरजेपेक्षा जास्त रिफायनिंगचा दंड दोनदा भरावा लागतो. पहिल्यांदा रिफायनरच्या विजेत, आणि दुसऱ्यांदा सुकवणी विभागात, कारण जास्त एसआरचा लगदा पाणी धरून ठेवतो, दाब विभागातून ओला कागद पुढे जातो आणि ते पाणी वाफेने उडवावे लागते. कागदाची ताकद कमी भरली की रिफायनर घट्ट करायचा, ही सवय म्हणून तपासून पाहावी. रद्दीचा दर्जा, स्टार्च आणि तंतूंची लांबी यांतही कारण असू शकते.

पंपांबद्दल नियम सोपा आहे. ज्या वॉल्व्हची मूठ वर्षानुवर्षे अर्धी बंद असते, त्याच्या मागचा पंप मोठा आहे. असे सर्व वॉल्व्ह एका फेरीत शोधून यादी करावी. मागणी स्थिर असेल तर इम्पेलर, म्हणजे पंपातील फिरते चक्र, कापून लहान करणे सर्वांत स्वस्त. मागणी बदलती असेल तर व्हीएफडी. वेग ८० टक्के केला तर शक्ती सैद्धांतिकदृष्ट्या ५१ टक्क्यांवर येते, मात्र पंपाला लगदा बराच उंच चढवायचा असेल तर बचत यापेक्षा कमी मिळते, हे आधी तपासावे. टाक्यांतील ढवळणी यंत्रेही याच यादीत घ्यावीत, पण ती बंद करून लगदा तळाशी बसू देऊ नये, कारण एकदा घट्ट बसलेली टाकी उपसण्याचा खर्च महिन्याची बचत खाऊन टाकतो.

शिजवलेला लगदा

बल्लारपूरसारख्या बांबू-लाकडाच्या गिरण्यांचे गणित मुळात वाफेचे असते. लाकडाचे काप कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात १६५ ते १७० अंशांच्या आसपास शिजवले जातात, तंतूंना धरून ठेवणारे लिग्निन विरघळते, आणि मागे काळा द्रव उरतो. कापांचे माप एकसारखे असेल तर शिजणे एकसारखे होते आणि द्रावण कमी पुरते. जाड काप कच्चे राहतात व पुन्हा शिजवावे लागतात. डायजेस्टर, म्हणजे शिजवण्याचे बंद भांडे, रिकामा करताना उसळणारी वाफ पकडून पाणी तापवण्यास वापरावी, आणि शक्य असेल तेथे गरम काळा द्रव पुढच्या घाण्याला देणाऱ्या विस्थापन पद्धतीकडे वळावे. येथेही पाण्याचाच प्रश्न मध्यवर्ती आहे : लगदा धुताना वापरलेले प्रत्येक अनावश्यक टन पाणी काळ्या द्रवात मिसळते आणि रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळण्याआधी ते बाष्पीभवन यंत्रात उडवावे लागते. पाच-सहा टप्प्यांच्या यंत्रातही त्या टनाला पाव टनाच्या आसपास वाफ लागतेच.

दर आणि कायदा

महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे पॉवर फॅक्टरची उणीव थेट युनिटांत धरून, बिल आकारले जाते; त्यामुळे कमी भारावर चालणाऱ्या मोठ्या मोटारी दुहेरी महाग पडतात आणि स्वयंचलित कॅपॅसिटर पॅनेलची देखभाल आवश्यक ठरते. वेळेनुसार दर बदलत असल्याने, आणि पल्पर हे घाण्यांत चालणारे यंत्र असल्याने, चेस्टची साठवण पुरेशी असेल तर महागड्या तासांत पल्पर थांबवता येतो. चालू दरपत्रकातील वेळा पाहून पाळीचे वेळापत्रक आखावे. स्वस्त तास कोणते, हे काळानुसार बदलते.

ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मधला आहे, आणि त्याखालील पॅट योजनेत, म्हणजे मोठ्या ग्राहकांना ऊर्जाबचतीची उद्दिष्टे ठरवून देणाऱ्या योजनेत, जी २०१२ मध्ये सुरू झाली, पहिल्या आठ उद्योगांत कागद उद्योग होता. त्या वेळी वर्षाला ३० हजार टन किंवा त्याहून अधिक तेलसममूल्य ऊर्जा वापरणाऱ्या गिरण्या तिच्या कक्षेत येत. लहान गिरण्या अशा बंधनाबाहेर राहतात, म्हणून त्यांनी स्वेच्छेने प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घ्यावी. राज्यात या कायद्याची नियुक्त संस्था महाऊर्जा आहे, आणि कागदाच्या तांत्रिक प्रश्नांसाठी सहारनपूरची केंद्रीय लगदा व कागद संशोधन संस्था. लेखापरीक्षकाला बोलावण्याआधी किमान तीन महिन्यांच्या, घाण्यानिहाय घनता, वेळ आणि युनिट यांच्या नोंदी तयार असाव्यात. त्या नसतील तर त्याचा अहवाल दिवे आणि कंप्रेसर यांच्यापुरताच राहतो.

लहान एककासाठी

हिवरा आश्रमासारख्या ठिकाणी हातकागदाचे एकक उभारायचे झाल्यास, यंत्राची निवडच ऊर्जेचा खर्च ठरवते. हातकागदात सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये निघालेला हॉलंडर बीटर अजून वापरला जातो. लांबट कुंडात पात्यांचा जड रोल फिरतो आणि खालच्या बैठकीच्या पात्यांवर चिंध्या कुटल्या जातात. समजा, त्याचा भार ६ किलोवॅट आहे आणि ४० किलो चिंध्यांना पाच तास लागतात, तर ३० युनिट, म्हणजे टनामागे ७५० युनिट होतात. चिंध्यांना कुटाईची गरज असते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा खर्च पूर्ण टळत नाही, तरी चिंध्या बारीक कापून, धूळ झटकून, रात्रभर भिजवून आणि रोल हळूहळू खाली उतरवून तो कमी होतो. बोथट पाती तंतू फुलवण्याऐवजी पाणी तापवतात. कुंडातील लगदा हाताला कोमट लागू लागला की ते पात्यांच्या धारेकडे पाहण्याचे लक्षण समजावे. वह्यांची रद्दी मात्र बीटरमध्ये टाकू नये. तिच्यासाठी एक लहान पल्पर घ्यावा, त्यात ती काही मिनिटांत सुटते, आणि नंतर ती कुटलेल्या चिंध्यांत मिसळावी.

पऱ्हाटी आणि कुटार यांच्याबाबत सावध राहावे लागते. त्यांतून तंतू निघतात, पऱ्हाटीचे तर बऱ्याच अंशी कठीण लाकडासारखे, पण ते काढण्यासाठी क्षारात शिजवावे लागते, आणि उरलेला काळा द्रव जाळून रसायने परत मिळवण्याची यंत्रणा लहान एककाला परवडत नाही. तो द्रव नाल्यात सोडण्याची वेळ येणार असेल तर असा लगदा करूच नये. पिकांचे अवशेष इंधनकांड्यांसाठी किंवा जमिनीत परत जाण्यासाठी ठेवावेत, आणि एककाचा पाया रद्दी व सुती कापडाच्या कातरणांवर घालावा. जागा निवडताना टाक्या उतारावर, एकीखाली एक अशा बांधाव्यात, म्हणजे लगदा पंपाविना खाली उतरतो. निथळलेले पाणी मात्र खालच्या हौदात गोळा करून एका लहान पंपाने वरच्या कुंडाला परत द्यावे, आणि त्या पंपालाही, लहान असला तरी, वेगळा मीटर असावा.